एका दुकानाचे वाटेकरी



तुमच्या गावच्या बाजारात दोन वाण्यांची दुकानं समोरासमोर असतील. गूळ तोच, तेल तेच, भावही रुपया-दोन रुपयांच्या फरकानं तोच. तरीसुद्धा तुमची पावलं नेहमी एकाच दुकानाकडे वळतात. का, असं स्वतःला विचारून पाहा. “माणूस बरा आहे,” एवढंच उत्तर येईल. तो वजन नीट करतो, बरोबरच्या पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो, माल वाईट निघाला तर कुरकुर न करता परत घेतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. दुकान त्याचं स्वतःचं आहे. गिऱ्हाईक तुटलं तर नुकसान त्याचंच आहे, हे तो जाणतो.

आता अशी कल्पना करा, की ते दुकान वाढत वाढत चांगलं चार-पाच मजली झालं. गल्ल्यापाशी आता मालक नाही. निरनिराळ्या विभागांत तीनशे पगारी माणसं उभी आहेत आणि मालक वरच्या खोलीत हिशेबाच्या वह्या पाहतो आहे. या तीनशे माणसांनी गिऱ्हाइकाशी त्या वाण्यासारखं का वागावं? वेळेवर येणं सक्तीनं करून घेता येतं. दिवसभर उभं राहणंही करून घेता येतं. परंतु गिऱ्हाइकाला तीन तागे पसंत पडले नाहीत, तर चौथा तागा हसतमुखानं उलगडून दाखवणं, हे काही सक्तीनं होत नाही. ते मनातूनच यावं लागतं.

मोठं दुकान असो, कारखाना असो, नाहीतर शाळा असो, जिथे एकाच्या नावावर पुष्कळ माणसं राबतात तिथे हा प्रश्न उभा राहतोच. लंडन शहरातल्या एका कापडदुकानानं शंभर वर्षांहून अधिक काळ त्याच्याशी झुंज घेतली. तिथे बापानं त्याचं एक उत्तर दिलं आणि मुलानं दुसरं. ती हकिगत आज सांगायची आहे.

बापाचं नाव जॉन लुईस. सॉमरसेट परगण्यातल्या एका लहानशा गावी १८३६ साली त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो पोरका झाला. कापडदुकानात उमेदवारी करत करत तो लंडनला पोहोचला आणि एका मोठ्या दुकानात रेशमाची खरेदी पाहू लागला. १८६४ साली त्यानं ऑक्सफर्ड स्ट्रीटवर स्वतःचं छोटं दुकान थाटलं. पहिल्या दिवसाची विक्री किती झाली असेल? सोळा शिलिंग चार पेन्स. वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे. म्हणजे पुरता एक पौंडही नाही.

परंतु माणूस चिकाटीचा होता. माल चांगला ठेवायचा, विविध ठेवायचा, नफा बेताचा घ्यायचा आणि जाहिरातीवर पैसा उधळायचा नाही, ही त्याची रीत. गिऱ्हाईक त्याच्यावर विश्वास टाकू लागलं. दुकान वाढत गेलं. १९०५च्या सुमारास पीटर जोन्स नावाचा दुसरा दुकानदार वारला. त्याचं दुकान स्लोन स्क्वेअर या चौकात होतं. ते विकत घेण्यासाठी जॉन लुईस हजार-हजार पौंडांच्या वीस नोटा खिशात घालून ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून पायी निघाला, असं त्या दुकानाच्या इतिहासात नमूद आहे. एवढी रक्कम खिशात आणि तरी गाडीभाडं वाचवणारा हा गृहस्थ! हट्टीही तसाच. आपल्या जागेच्या जमीनमालकाशी त्याचं वर्षानुवर्षं भांडण चाललं. त्यात न्यायालयाचा अवमान केला म्हणून १९०३ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तीन आठवडे तुरुंगात बसणं त्यानं पत्करलं. पण माघार घेतली नाही.

गिऱ्हाइकाशी सचोटीनं वागणारा हा माणूस नोकरांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेई. त्या काळी इंग्लंडातल्या मोठ्या दुकानांत विकणाऱ्या मुलामुलींनी दुकानाच्याच वसतिगृहात राहायचं, असा रिवाज होता. जेवण आणि अंथरूण पगारात धरलेलं. रात्री कधी परतायचं याचे नियम मालकाचे. जॉन लुईसकडे पगार कमी, आणि मर्जी फिरली की कामावरून काढून टाकायला वेळ लागत नसे. त्याचा हिशेब सरळ होता. कापड जसं स्वस्तात स्वस्त घ्यायचं, तसेच माणसाचे कष्टही. त्या काळच्या पुष्कळ व्यापाऱ्यांचा हाच हिशेब होता, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

त्यानं लग्न केलं ते फार उशिरा, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. बायको एलायझा ही केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिकलेली शिक्षिका होती. मुली कॉलेजात जाणं इंग्लंडातही अपूर्वाईचं होतं, त्या काळातली ही गोष्ट. त्यांचा थोरला मुलगा जॉन स्पेडन लुईस १८८५ साली जन्मला. एकोणिसाव्या वर्षी तो बापाच्या हाताखाली दुकानात आला आणि एकविसाव्या वर्षी बापानं त्याला धंद्यात चौथा हिस्सा दिला. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

१९०९ साली एक अपघात झाला. घोड्यावर बसून कामाला जात असताना स्पेडन खाली पडला. इजा भारी होती. शस्त्रक्रिया झाल्या आणि जवळजवळ दोन वर्षं तो दुकानापासून दूर राहिला. धावपळीत ज्या गोष्टींकडे लक्ष जात नाही, त्यांच्याकडे अंथरुणावर पडल्या पडल्या जातं. या मुलाचं लक्ष दुकानाच्या आकड्यांकडे गेलं.

काय दिसलं त्याला? पुढे १९५७ साली ब्रिटिश रेडिओवर दिलेल्या एका भाषणात त्यानं स्वतःच ते सांगितलं आहे. भांडवलावरचं व्याज म्हणून दहा हजार पौंड बाजूला काढल्यावरही जो नफा उरे, तो दुकानातल्या सुमारे तीनशे माणसांच्या वर्षाच्या एकंदर पगाराएवढा होता. हा आकडा सुमारे सोळा हजार पौंडांचा. शिक्षक मित्रांनी हे गणित वर्गात फळ्यावर घालून पाहावं. सोळा हजारांना तीनशेनं भागा. माणशी त्रेपन्न पौंड येतात, म्हणजे आठवड्याला जेमतेम एक पौंड. त्यातही वरच्या जागांवरच्यांना जास्त मिळणार, तेव्हा खालच्यांना त्याहूनही कमी. आणि दुसऱ्या पारड्यात बाप आणि दोन मुलगे मिळून तीन माणसं, आणि सव्वीस हजार पौंड.

हा अन्याय आहे, असं त्याला वाटलं. पण तेवढ्यावर तो थांबला असता, तर दोन-चार दानधर्माची कामं करून मोकळा झाला असता. त्याला आणखी एक गोष्ट दिसली, आणि तीच महत्त्वाची. बापाच्या या रीतीनं दुकानाचंही नुकसान होत होतं. ज्याला उद्या नोकरी राहील की नाही ठाऊक नाही, तो बोलणी बसू नयेत इतकंच काम करतो. मालात खोट दिसली तरी तो सांगत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, ‘दाम करी काम.’ ते खरंच आहे. परंतु अर्ध्या दामात पुरतं काम होत नाही, आणि पुरत्या दामातही मन मिळतंच असं नाही, हे बापाच्या ध्यानी आलं नव्हतं.

१९१४ साली मुलाला आपला विचार पारखण्याची संधी मिळाली. स्लोन स्क्वेअरचं पीटर जोन्सचं दुकान तोट्यात चाललं होतं. म्हाताऱ्यानं ते मुलाच्या स्वाधीन केलं, पण अट घातली, की संध्याकाळी पाचपर्यंत ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं काम सोडायचं नाही. तेव्हा दिवसभर बापाची चाकरी आणि पाच वाजल्यानंतर स्वतःचा प्रयोग, असा स्पेडनचा क्रम सुरू झाला.

त्यानं पहिल्यांदा काय केलं, ते लक्षात घेण्याजोगं आहे. त्यानं भाषणं दिली नाहीत. नोकर जिथे राहत होते त्या खोल्या पाहिल्या आणि तिथे गरम आणि थंड पाण्याचे नळ बसवून घेतले. कामाचे तास कमी केले. पगारी सुट्टी वाढवली. विक्रीच्या प्रमाणात दलाली ठरवून दिली. आणि मग नोकरांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींबरोबर नेमानं बैठका सुरू केल्या. या बैठकांना विभागांच्या वरिष्ठांना जागा नव्हती. कारण उघड आहे. ज्याच्याविषयी तक्रार, तोच समोर बसला असेल तर तोंड कोण उघडणार?

बापाला हे सारं पसंत नव्हतं. १९१६ साली दोघांचं बिनसलं. मुलानं मोठ्या दुकानातला आपला चौथा हिस्सा सोडून दिला आणि त्याच्या बदल्यात ते तोट्यातलं दुकान पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतलं. पिकती बागाईत देऊन पडीक रान घ्यावं, तसा हा सौदा! परंतु पाच वर्षांच्या आत आठ हजार पौंडांच्या तोट्याच्या जागी वीस हजार पौंडांचा नफा दिसू लागला.

१९१८ साली त्यानं दुकानाचं स्वतःचं पत्र सुरू केलं. त्याचं नाव ‘गॅझेट’. त्यात दुकानाची विक्री, हिशेब, बढत्या-बदल्यांची माहिती छापून येई. शिवाय कोणाही नोकरानं त्यात पत्र लिहावं, नाव द्यायचं नसेल तर देऊ नये. आणि ज्या अधिकाऱ्याविषयी ते पत्र असेल त्यानं त्याच पानावर जाहीर उत्तर द्यावं, अशी चाल पडली. १९१९ साली नोकरांची प्रतिनिधिसभा आली. १९२० साली नफ्याची पहिली वाटणी झाली.

त्याच १९२० साली बापाच्या दुकानात काय घडलं, पाहा. तिथल्या सुमारे चारशे नोकरांनी संप पुकारला. त्यांत बहुतेक मुली होत्या. दुसऱ्या दुकानांतल्या नोकरांनी त्यांना वर्गणी पाठवली. काही आठवडे संप चालला. ऐंशी उलटलेला म्हातारा तसूभरही हलला नाही. संप मोडला आणि संपावर गेलेल्यांना त्यानं परत घेतलं नाही. एकच शहर, एकच घराणं, एकच धंदा, वर्षही एकच. एका दुकानाच्या दारात संपकरी उभे आहेत आणि दुसऱ्यात नफ्याची वाटणी चालली आहे. इतिहास इतक्या शेजारी शेजारी ठेवलेली दोन उदाहरणं क्वचितच देतो.

परंतु मुलाचा मार्ग फुलांचा होता असं कोणी समजू नये. युद्धानंतर व्यापाराला मंदी आली आणि त्याचं दुकान अडचणीत सापडलं. १९२४ साली बापलेकांचा समेट झाला आणि अडचणीच्या वेळी बापाचाच पैसा उपयोगी पडला. म्हाताऱ्याच्या काटकसरीनं मुलाचा प्रयोग तगवला, हेही विसरता कामा नये.

१९२८ साली जॉन लुईस ब्याण्णव वर्षांचा होऊन वारला. दोन्ही दुकानं स्पेडनकडे आली. आता तो लंडनच्या मोठ्या धनिकांत गणला गेला असता. पण पुढच्याच वर्षी, १९२९ साली, त्यानं सारा धंदा नोकरांसाठी एका विश्वस्त निधीच्या हवाली करायला प्रारंभ केला. आपल्या मालमत्तेची किंमत त्यानं बिनव्याजी रोख्यांत, पुढे सावकाश फिटेल अशी घेतली. १९५० साली दुसरा दस्तऐवज झाला आणि धंद्यावरचा ताबाही त्यानं सोडला.

ही व्यवस्था समजायला देवस्थानच्या जमिनीचं उदाहरण घ्या. तिचं उत्पन्न ठरलेल्या कामी येतं, पण कोणी उठून आपला तुकडा विकू शकत नाही. तसंच इथे. जो त्या दुकानात काम करतो तो वाटेकरी. कंपनीतल्या भाषेत त्याला ‘नोकर’ म्हणतच नाहीत, ‘पार्टनर’ म्हणजे भागीदार म्हणतात. काम सोडलं की वाटा सुटला. आपल्या सहकारी साखर कारखान्यापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे. कारखान्याचे मालक ऊस पिकवणारे सभासद असतात, यंत्रावर काम करणारे कामगार नव्हेत. तिथे मात्र काम करणारेच वाटेकरी आहेत.

भागीदारीत तीन गोष्टी वाटून घ्यायच्या, असं स्पेडन लुईस सांगे: नफा, माहिती आणि सत्ता. यांतली एकही सोडून भागत नाही, हे त्याच्या प्रयोगाचं सार आहे.

नफा का? पोटाला चिमटा बसत असताना आपुलकीच्या गोष्टी पटत नाहीत. शिवाय दलाली आणि वाटा यांत फरक आहे. ज्याला फक्त आपल्या विक्रीवर दलाली मिळते, तो शेजाऱ्याच्या हातचं गिऱ्हाईक ओढायला बघतो. ज्याला साऱ्या दुकानाच्या नफ्यात वाटा आहे, तो शेजाऱ्याकडचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून धडपडतो. इथे अध्यक्षापासून माल उतरवून घेणाऱ्यापर्यंत सर्वांना वर्षाच्या पगारावर एकाच टक्क्यानं बोनस देण्याची पद्धत पडली. २००८ साली हा बोनस २० टक्के होता, म्हणजे दहा आठवड्यांहून अधिक पगार.

माहिती का? हिशेब झाकून ठेवला, की वाट्याची रक्कम मालकानं टाकलेल्या तुकड्यासारखी वाटते. थोडी आली तर संशय येतो, जास्त आली तरी संशय जात नाही. हिशेब उघडा असला तर आपल्या विभागात किती कापड वाया गेलं, याची खंत माणसाला आपोआप वाटू लागते.

आणि सत्ता का? कारण ऐकून घेणारा मालक उद्या मरेल, त्याच्या जागी न ऐकणारा येईल. म्हणून निवडून आलेल्या प्रतिनिधिसभेला अध्यक्षाला जाब विचारण्याचा आणि प्रसंगी त्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार घटनेनं दिला. रोजचा कारभार अधिकारीच पाहतात. पुढचा अध्यक्ष नेमण्याचा हक्क मावळत्या अध्यक्षाकडेच ठेवलेला होता. तेव्हा हे काही पंचायतीचं राज्य नव्हे. स्पेडन स्वतःही स्वभावानं हुकूमत गाजवणारा होता. त्याची एक मौज सांगतात. १९५५ साली तो निवृत्त झाला. नंतर नव्या कारभाऱ्यांची धोरणं त्याला पटेनात. तेव्हा त्यानं काय केलं? सामान्य नोकरासाठी जे दार त्यानं स्वतः उघडलं होतं त्याच दारानं तो आत आला. ‘गॅझेट’मध्ये टीकेची पत्रं लिहू लागला! १९६३ साली तो वारला.

दरम्यान धंदा वाढतच होता. १९३७ साली वेटरोझ ही किराणा मालाची दहा दुकानं भागीदारीत आली. १९४० साली जर्मन बाँबफेकीत ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं मोठं दुकान जळालं, ते पुढे पुन्हा उभं राहिलं. एकविसाव्या शतकात वाटेकऱ्यांची संख्या सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात गेली.

गोष्ट इथे संपवली असती तर गोड झाली असती. पण इतिहास सांगणाऱ्यानं कडू भाग गिळून टाकू नये. लोक घरबसल्या माल मागवू लागले, मोठ्या दुकानांतली वर्दळ ओसरली, त्यात २०२० साली कोरोनाची साथ आली. त्या साली आठ आणि २०२१ साली आणखी आठ, अशी सोळा मोठी दुकानं कायमची बंद करण्याचं ठरलं. २०२०-२१ चा बोनस कोणालाच मिळाला नाही; १९५३ नंतर असं प्रथमच घडलं. २०२३ साली २३ कोटी ४० लाख पौंडांचा तोटा जाहीर झाला. बाहेरच्या भांडवलदाराला थोडा हिस्सा विकावा की काय, असाही विचार चालल्याच्या बातम्या आल्या आणि वाटेकऱ्यांत खळबळ उडाली.

ज्याला ‘तू मालक आहेस’ असं सांगितलं, त्याच्याच हातात घरी जाण्याची चिठ्ठी पडली. मग ही भागीदारी खरी की नुसतं गोड नाव? तुम्हाला हा प्रश्न पडेल, आणि तो पडलाच पाहिजे. नोकरी गेलेल्या माणसाला उत्तर देणं कठीण आहे. एवढं मात्र सांगता येईल. मे २०२३ मध्ये त्या प्रतिनिधिसभेनं अध्यक्षा शॅरन व्हाइट यांच्या गेल्या वर्षाच्या कारभारावर उघड मतदान केलं आणि त्यावर विश्वास नाही असा कौल दिला. पुढच्या कामासाठी मात्र त्यांना पाठिंबा दिला. ज्यांचे पगार अध्यक्षांच्या हातात, त्यांनी अध्यक्षांना समोर बसवून हिशेब मागितला आणि कोणाला लपावं लागलं नाही. १९२० साली बापाच्या दुकानातल्या मुलींना हे रस्त्यावर उतरूनही साधलं नव्हतं.

तेव्हा वाट्यानं दुकान बुडत नाही, असं या इतिहासावरून म्हणता येणार नाही. दुष्काळ मालकाच्या शेतात पडतो तसा वाटेकऱ्याच्याही शेतात पडतो. पण वाटेकऱ्याला आभाळ दिसत असतं, आणि पेरणी काय करायची यावर तो चार शब्द बोलू शकतो. सालदाराला पीक बुडाल्याचं कळतं ते त्याचं साल मोडल्यावर.

शेवटी शिक्षक मित्रांना, आणि सोसायटी किंवा दूध संस्था चालवणाऱ्या गावकऱ्यांना एक विनंती. नफा वाटण्याइतका पैसा सगळ्यांकडे नसतो. पण त्या तीन गोष्टींतल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. हिशेबाचा कागद भिंतीवर लावायला चार खिळे लागतात. आणि शिपायाला, मापाड्याला, मदतनिसाला ‘तुझं काय म्हणणं आहे?’ असं विचारून उत्तर मिळेपर्यंत गप्प बसायला थोडा धीर लागतो. स्पेडन लुईसनं नफा वाटला तो १९२० साली. त्याच्या आधी सहा वर्षं तो माणसांचं ऐकून घेत होता.

तुमच्या गावातला तो वाणी पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो, कारण दुकान त्याचं आहे. दुकान मोठं झालं म्हणून तो खडा बंद पडू नये असं वाटत असेल, तर गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचंही त्या दुकानात काहीतरी असलं पाहिजे.